थेरपिस्टचं पुढचं शिक्षण: कोर्स निवडण्याआधी आणि कोर्स झाल्यावर

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, काम करून चार-पाच वर्षं झाली आहेत. केंद्रात तुमच्याबरोबर एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) आणि एक स्पीच थेरपिस्ट (बोलणं, भाषा आणि गिळणं यांवर काम करणारी) आहे. नोंदणी चालू ठेवायला लागणारे शिक्षणाचे तास तुम्ही तिघी नियमाने भरता, बहुतेक वेबिनारमधून. तरी "फाइलमध्ये सर्टिफिकेटं वाढली, पण थेरपी तीच राहिली" असं तुम्ही लिहिलंय. आता संस्था वर्षाला एका कोर्सचा खर्च उचलणार आहे. तेव्हा एखाद्या नावाजलेल्या तंत्राचा दोन दिवसांचा कोर्स करावा की ऑनलाइन लांबचा काही घ्यावा, आणि तिघींनी मिळून एकच कोर्स केला तर त्याचा उपयोग होईल का, हे तुम्हाला हवंय.

मी न्यूरो-पुनर्वसनात, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांनंतरच्या थेरपीत काम करते, नव्या थेरपिस्टना मार्गदर्शन करते आणि अधूनमधून कोर्समध्ये शिकवतेही. हे आधीच सांगून ठेवते, कारण कोर्सबद्दल मत देणाऱ्याचा कोर्सशी काय संबंध आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "थेरपी तीच राहिली" हे आहे. कोणता कोर्स हा प्रश्न त्याच्या मागून येतो. कोर्स बदलला की हे सुटेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा सुटत नाही. २०२१ मध्ये कोक्रेनने, म्हणजे आरोग्यविषयक अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आरोग्य क्षेत्रातल्या शैक्षणिक बैठकांवरचे, म्हणजे कोर्स, वर्कशॉप, व्याख्यानं यांवरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. अशा बैठकीनंतर अपेक्षित पद्धतीने काम करण्याचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. म्हणजे आधी शंभरातल्या पन्नास वेळा योग्य ते घडत असेल, तर नंतर सत्तावन्न वेळा घडतं. रुग्णाच्या तब्येतीत दिसणारा फरक त्याहून लहान. याच आढाव्याच्या २००९ च्या आवृत्तीत आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या आपल्या कामाच्या आहेत. नुसतं व्याख्यान किंवा नुसती चर्चा यांपेक्षा दोन्हींची सांगड घातलेल्या बैठकांचा परिणाम जास्त होता. आणि जी सवय बदलायची ती जितकी गुंतागुंतीची, तितका परिणाम कमी होता.

आता आपलं काम बघा. स्ट्रोक झालेल्या माणसाला खुर्चीतून उठायला शिकवताना आपण एकाच वेळी त्याचे पाय कुठे आहेत ते पाहतो, सूचना किती शब्दांत द्यायची ते ठरवतो, हात कुठे लावायचा आणि कधी काढून घ्यायचा हे क्षणाक्षणाला बदलतो. अशा कौशल्यात दोन दिवसांत फार फरक पडेल ही अपेक्षाच जास्त आहे. तुमची थेरपी बदलली नाही याचा दोष तुमच्या मेहनतीला देऊ नका. कोर्सनंतर जे घडायला हवं होतं त्याची सोयच कुणी केली नव्हती.

पुढचं सांगण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते बोलते. पहिलं म्हणजे तुमच्या नोंदणी संस्थेचा नियम. तो देशागणिक आणि व्यवसायागणिक वेगळा आहे. अमेरिकेत स्पीच थेरपिस्टच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी ३ वर्षांत ३० तास लागतात, ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या प्रमाणपत्रासाठी ३ वर्षांत ३६ एककं (शिक्षण मोजण्याचं तिथलं माप). ब्रिटनच्या एचसीपीसी या नियामक संस्थेने तासांची सक्तीच ठेवलेली नाही. ती दर दोन वर्षांच्या नूतनीकरणाच्या वेळी २.५ टक्के सदस्य निवडून विचारते की तुम्ही काय शिकलात आणि त्याचा तुमच्या कामाला व रुग्णांना काय फायदा झाला. मला दुसरी पद्धत जास्त पटते. पण तुमच्याकडे तास मोजत असतील तर ते मोजूनच द्यावे लागतात, त्यात वाद नाही. कोर्सची मान्यता आणि एककं पैसे भरण्याआधी तपासा. दुसरी गोष्ट अनुभवाची. पहिल्या दोन वर्षांत मी कुणालाही एका तंत्रात खोल जायला सांगत नाही. तपासणी, धोक्याची लक्षणं ओळखणं, ध्येय ठरवणं आणि नोंदी हे पक्कं करायला सांगते. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय. तिसरी गोष्ट, तुम्ही एकट्या नाही. शेजारच्या खोलीत दोन जाणकार आहेत, आणि ही गोष्ट कोणत्याही कोर्सपेक्षा मोलाची आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आता निवडीकडे येते. आपण कोर्स निवडतो तो बहुधा आवडीने, आणि आवड आपल्याला आधीच बरं जमतं तिकडेच ओढते. आपल्याला काय येत नाही हे आपल्याला नीट कळतं, हा समजही तपासून पाहायला हवा. २००६ मध्ये डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनावरच्या अभ्यासांचा एक आढावा जामा या नियतकालिकात आला होता. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ जवळपास नव्हता किंवा उलटा होता. जे कौशल्यात सगळ्यात कमी होते आणि ज्यांना स्वतःबद्दल सगळ्यात जास्त खात्री होती, त्यांचा अंदाज सर्वांत चुकला. हा अभ्यास डॉक्टरांवरचा असला तरी आपण वेगळे असू असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की विषय मनाने ठरवू नका, फाइलींना विचारा. थेरपी संपवून गेलेल्या शेवटच्या दहा रुग्णांच्या फाइली तिघींनी मिळून काढा. प्रत्येकीत तीन गोष्टी शोधा: त्या माणसाला स्वतःला काय हवं होतं, ते किती झालं, आणि गाडी कुठे अडली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फाइलीत सापडत नसेल तर तुमचा पहिला विषय तिथेच मिळाला. "संतुलन सुधारणे" हे रुग्णाचं ध्येय नसतं, ते आपण लिहिलेलं असतं. ऑक्युपेशनल थेरपीत १९९१ पासून वापरात असलेलं सीओपीएम नावाचं मापन यासाठी फार चांगलं आहे. रुग्ण स्वतःच्या शब्दांत अडचणी सांगतो, त्यांतल्या जास्तीत जास्त पाच निवडतो, आणि प्रत्येकीला 'मला किती जमतं' व 'मी किती समाधानी आहे' असे १ ते १० गुण देतो. दोन किंवा जास्त गुणांचा बदल अर्थपूर्ण धरतात. तुमची सहकारी हे वापरत असेल तर तिच्याकडून एका दुपारी शिकून घ्या.

अशा फाइली चाळल्यावर साधारणपणे दोन-तीन अडथळे पुन्हा पुन्हा समोर येतात. घरी सराव होत नाही. हात थोडा हलतो पण वापरात येत नाही. रुग्णाला सूचना समजत नाहीत. खाताना ठसका लागतो पण कुणाकडे पाठवायचं ते उशिरा ठरतं. कोर्स यांतल्या एकाला उत्तर देणारा हवा. "मला मॅन्युअल थेरपी (हातांनी करायचे उपचार) शिकायची आहे" असं म्हटलं की शंभर कोर्स समोर येतात. "स्ट्रोकनंतर सहा महिन्यांनी मनगट थोडं उचलणाऱ्या माणसाचा हात रोजच्या कामात कसा आणायचा" असं म्हटलं की दोन-तीनच उरतात, आणि तेच तुम्हाला हवे असतात.

हाताचं उदाहरण पुढे नेते, कारण कोर्स होऊनही थेरपी का बदलत नाही हे त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. चांगला हात बांधून बाधित हाताकडून काम करून घेण्याची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते आणि त्यांच्या हाताचा वापर खरोखर सुधारला. पण कोणासाठी आणि किती, ते वाचा. मनगट आणि बोटं काही अंश तरी मागे उचलता येणारे रुग्णच त्यात घेतले होते. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा चढवलेला, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. आता एखादी थेरपिस्ट हे दोन दिवसांत शिकते, परत येते, आणि तिच्याकडे रुग्ण आठवड्यातून दोनदा पाऊण तासासाठी येतो. ती पाऊण तास हात बांधून ठेवते, फरक दिसत नाही, महिन्याभरात सोडून देते आणि "आपल्याकडे हे चालत नाही" असं म्हणते. तंत्र बरोबर शिकलेलं होतं. मात्रा पोचलीच नाही. कोर्समध्ये तंत्राला दोन दिवस दिले जातात आणि मात्रेला दोन स्लाइड.

स्पीच थेरपीतही हेच. पार्किन्सन्समध्ये आवाज मोठा करण्यासाठीची एलएसव्हीटी लाउड ही पद्धत ४ आठवड्यांत १६ सत्रं, प्रत्येक सत्र तासाचं, आणि शिवाय घरचा सराव अशी बांधलेली आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ३८८ रुग्णांवरच्या चाचणीत ती नेहमीच्या स्पीच थेरपीपेक्षा आणि काहीच न करण्यापेक्षा सरस ठरली. पण तुमच्या सहकारीच्या वेळापत्रकात आठवड्याला चार सत्रं बसत नसतील, तर कोर्सच्या आधी वेळापत्रकाबद्दल बोलायला हवं. नाहीतर कोर्सचे पैसे वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे एका चांगल्या पद्धतीवरचा विश्वास उडतो.

तेव्हा कोर्सचं माहितीपत्रक हातात आलं की मी पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत का ते बघते. हे कोणत्या रुग्णासाठी आहे, आणि कोणत्या रुग्णासाठी नाही? किती वेळा, किती दिवस, कुठे, कोणत्या साधनांनी? प्रगती कशाने मोजायची, आणि केव्हा थांबायचं? उपचाराचं वर्णन पूर्ण असावं म्हणून २०१४ मध्ये टायडर नावाची १२ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती संशोधकांसाठी आहे, पण कोर्स तपासायलाही छान चालते. यातल्या निम्म्या प्रश्नांना उत्तर नसेल तर आयोजकांना लिहून विचारा. चांगले शिक्षक अशा प्रश्नांनी खूश होतात.

दुसरं, पुरावा स्वतः पाहा. फिजिओथेरपीसाठी पेड्रो हा संशोधनांचा ऑनलाइन संग्रह १९९९ पासून आहे, विनामूल्य आहे, आणि त्यात प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात. स्पीच थेरपीसाठी स्पीचबाइट हा तसाच संग्रह आहे. लहान मुलांच्या सेरेब्रल पाल्सीबद्दल (वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर होणारा परिणाम) आयोना नोव्हॅक आणि सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०२० मध्ये केलेले आढावे वाचा. त्यांत उपचार वाहतुकीच्या दिव्यांसारखे हिरवे, पिवळे, लाल असे लावले आहेत. मुलाने स्वतः हालचाल करून, स्वतःच्या ध्येयासाठी केलेला सराव, दोन्ही हातांचं प्रशिक्षण, घरचा आखलेला कार्यक्रम हे हिरव्यात आहेत. थेरपिस्टच्या हातांनी मुलाला निष्क्रिय हलवण्यावर उभ्या असलेल्या काही जुन्या, अतिशय लोकप्रिय पद्धती तिथे नाहीत. अर्धा तास घालवून हे पाहिलं तर दोन दिवस आणि बरेच पैसे वाचू शकतात.

काही खुणा दिसल्या की मी सरळ मागे फिरते. एकच तंत्र पाठदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्याला लागू असल्याचा दावा. पहिली पातळी केली की दुसरी, मग तिसरी, आणि खरी गोष्ट कायम पुढच्या पातळीत. शिकवणाराच यंत्र विकतो. पुरावा म्हणून फक्त भावनिक व्हिडिओ. या शेवटच्या गोष्टीबद्दल मला तळमळीने सांगावंसं वाटतं. न बोलणाऱ्या माणसाचा हात धरून त्याच्याकडून कळफलकावर टाइप करून घेण्याची 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' ही पद्धत अशाच हृदयाला भिडणाऱ्या दृश्यांवर पसरली. १९९० च्या दशकात नियंत्रित चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की शब्द मदतनीसाचेच होते, मदतनीसाला स्वतःला त्याची जाणीव नसली तरी. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं पुन्हा स्पष्ट सांगितलं. त्या पद्धतीचे कोर्स करणारे थेरपिस्ट वाईट नव्हते. त्यांना मदतच करायची होती. पण त्या काळात त्या माणसांना खऱ्या संवादसाधनांपर्यंत पोचवता आलं असतं, ते राहून गेलं. आपण चुकीचं शिकतो तेव्हा किंमत दुसरं कुणीतरी मोजतं, म्हणून कोर्सबद्दल मी एवढी चिकित्सा करते.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? ज्यात विचार शिकायचा आहे ते ऑनलाइन उत्तम होतं: नवी मार्गदर्शक तत्त्वं, तपासणीतला तर्क, नैतिकता, नोंदी, संशोधन वाचणं. ज्यात हात, दाब, कोन किंवा उपकरण आहे त्यासाठी कुणीतरी तुमचा हात पाहून "आणखी थोडं वर" असं म्हणणारं हवं: मॅनिप्युलेशन (हाताने सांधा हलवण्याचं तंत्र), स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बनवणं, नाकातून दुर्बीण घालून गिळणं तपासणं. या शेवटच्या गोष्टीत तर कोर्सनंतर देखरेखीखाली ठरावीक संख्येने तपासण्या केल्याशिवाय एकट्याने करूच नये. लांबच्या ऑनलाइन कोर्सचा एक फायदा मात्र मी मानते. मधल्या आठवड्यांत तुम्ही रुग्णांवर करून पाहू शकता आणि पुढच्या वर्गात अडचण घेऊन जाऊ शकता. दोन दिवसांच्या कोर्समध्ये अडचण येते तेव्हा शिक्षक निघून गेलेले असतात. तेव्हा दोन्ही विषयाच्या दृष्टीने सारखेच योग्य असतील, तर ज्यात नंतरचा पाठपुरावा आहे तो घ्या.

आता कोर्सनंतरचं. माझं खरं म्हणणं इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

कोर्सहून आल्यावर आपण नोट्स पुन्हा वाचतो. त्याने समजल्यासारखं वाटतं, टिकत मात्र कमी. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने स्वतःला आठवायला लावणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त आठवलं. म्हणून वही बंद ठेवून लिहा: कोणाला, काय, किती, कधी थांबायचं. मग वही उघडून जुळवा. हे त्याच दिवशी, दोन दिवसांनी आणि आठवड्याने करा.

दुसरं, कोर्समधल्या दहा गोष्टींतून एकच निवडा आणि पहिल्याच आठवड्यात वापरा. निवडताना अशी निवडा की जी झाली की नाही ते डोळ्यांना दिसेल. स्पीच थेरपीतलं उदाहरण देते. गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णासाठी पातळ पदार्थ किती दाट करायचा हे पूर्वी 'मधासारखं', 'सरबतासारखं' असं सांगितलं जायचं आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं मध असायचं. आंतरराष्ट्रीय आयडीडीएसआय चौकटीत आता ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत आणि द्रवासाठी सिरिंजची साधी चाचणी आहे: १० मिलीच्या ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये द्रव भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा, किती उरला ते पाहायचं. १ मिलीपेक्षा कमी उरला तर पातळी ०, १ ते ४ मिली उरला तर पातळी १, ४ ते ८ मिली तर २, आठहून जास्त उरला तर ३, आणि काहीच वाहिलं नाही तर ४. वेबिनारमध्ये हे ऐकून सोडून देता येतं. पण तुमच्या सहकारीने सोमवारी वॉर्डमध्ये सिरिंज नेली, नर्सला आणि घरच्या माणसाला करून दाखवली आणि पातळीचा आकडा फाइलीत लिहिला, तर एका तासाच्या वेबिनारने खरोखर काम बदललं. अशी एखादी ठोस कृती ज्या कोर्समधून निघत नाही, तो कितीही रंगला तरी माझ्या दृष्टीने अपुरा.

तिसरं, कुणालातरी पाहू द्या. आपलं काम कुणी पाहून, मोजून सांगितलं तर सुधारतं का, यावर २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात १४० अभ्यास होते. सरासरी सुधारणा लहानच होती, पण कधी जास्त होते हेही त्यात होतं: जिथे सुरुवातीला काम कमी पडत होतं, जिथे सांगणारा वरिष्ठ किंवा सहकारी होता, जिथे एकदाच न सांगता पुन्हा पुन्हा सांगितलं, तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि जिथे स्पष्ट लक्ष्य व पुढची कृती ठरली होती. यातलं काहीही महागडं नाही. रुग्णाच्या लेखी संमतीने दहा मिनिटांचं सत्र मोबाइलवर चित्रित करा, तिघी मिळून बघा, आणि आधी ठरवलेली एकच गोष्ट तपासा. समजा ठरलंय की सूचना एका वेळी एकच द्यायची. मग फक्त तेच मोजा. बाकीच्यावर त्या दिवशी बोलू नका. महिन्याने पुन्हा चित्रित करा. स्वतःला पडद्यावर पाहणं पहिल्यांदा जड जातं, तेव्हा सुरुवात तुमच्यातल्या सगळ्यात अनुभवी थेरपिस्टने करावी. बाकीच्यांची भीड त्याने निघते.

आणि शिकण्यात सोडणंही येतं. नवा कोर्स जुन्या गोष्टीच्या वर रचला तर सत्राचा वेळ कुठून आणणार? स्ट्रोकनंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं चांगलं, असं बरेच जण मानत होते. २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांवरची अॅव्हर्ट चाचणी आली. २४ तासांच्या आत सुरू केलेल्या, मोठ्या मात्रेच्या हालचालीच्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती, नेहमीच्या गटात ५० टक्के. याचा अर्थ रुग्णाला झोपवून ठेवा असा नाही. नेहमीच्या गटातलेही बहुतेक जण लवकरच उठले होते. पुढच्या विश्लेषणात सुचलं की थोडा थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं लांबलचक सत्रांपेक्षा बरं. ज्यांनी हे वाचलं त्यांचं पहिल्या दिवसाचं काम बदललं, आणि त्यासाठी कुठलंही सर्टिफिकेट मिळालं नाही. तुमच्या स्पीच थेरपिस्टनेही विचारावं: मुलांच्या उच्चारांसाठी फुंकर मारणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ फिरवणं यांत सत्राचा किती वेळ जातो? बोलण्याशी न जोडलेल्या अशा तोंडाच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात याला पुरेसा पुरावा नाही. तो वेळ प्रत्यक्ष ध्वनी आणि शब्दांना द्यावा.

तिघींनी मिळून कोर्स करावा का? एकाच तंत्राचा कोर्स तिघींनी करू नये, पण एका रुग्णाभोवतीचा विषय तिघींनी जरूर शिकावा. मला सगळ्यात आधी सुचवायचा तो विषय म्हणजे अफेजिया (मेंदूला इजा झाल्यावर बोलणं किंवा भाषा समजणं अवघड होणं) असलेल्या माणसाशी बोलणं. फिजिओथेरपीत आपण सत्रभर सूचनाच देत असतो: "वजन डाव्या पायावर घ्या, गुडघा सरळ ठेवा, पुढे बघा." समोरच्या माणसाला भाषाच उमजत नसेल तर तो "ऐकत नाही", "प्रयत्न करत नाही" असा शेरा फाइलीत पडतो. हे अन्यायाचं आहे, आणि मी ते फार वेळा वाचलंय. २००१ मध्ये ऑरा केगन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना आधारित संवादाचं प्रशिक्षण दिलं. हातवारे, लिहिलेले मुख्य शब्द, चित्रं, हो-नाहीची खात्री करून घेणं असं त्यात होतं. प्रशिक्षित २० जणांचा संवाद तर सुधारलाच, पण ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्या अफेजियाच्या रुग्णांचंही म्हणणं जास्त पोचू लागलं. तुमच्या स्पीच थेरपिस्टकडून हे दोघींनी शिकून घ्या. बदल्यात तुम्ही तिला रुग्णाला सुरक्षितपणे पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट खाताना धड, मान आणि टेबलाची उंची कशी लावायची ते दाखवेल, ज्याच्याशिवाय गिळण्याची तपासणीही अर्धवट होते. महिन्यातून एक तास, एकच रुग्ण, तिघी एका खोलीत. काही नोंदणी संस्था अशा नोंदवलेल्या अंतर्गत शिक्षणाचेही तास धरतात. तुमची धरते का ते विचारून ठेवा, आणि हजेरी, विषय व काय बदललं ते लिहून ठेवा.

थोडक्यात क्रम असा लागतो: आधी फाइली, त्यातून एक प्रश्न, मग त्या प्रश्नाचा कोर्स, पैसे भरण्याआधी मात्रा आणि वेळापत्रकाची खात्री, परतल्यावर एक कृती, आणि महिन्याने सहकारीच्या डोळ्यांसमोर तिची तपासणी.

संस्थेकडे अर्ज करताना हेच लिहा. "अमुक कोर्स हवा" असा अर्ज मंजूर होतो आणि विसरला जातो. त्याऐवजी लिहा की दहा फाइलींत ही अडचण इतक्यांदा दिसली, हा कोर्स तिच्यावर आहे, परतल्यावर आठवड्याला इतकी सत्रं या पद्धतीसाठी मोकळी हवीत, आणि तीन महिन्यांनी या मापनावर निकाल दाखवू. कोर्सच्या फीपेक्षा ही मोकळी सत्रं मिळवणं अवघड असतं, म्हणून ती आधीच मागून घ्या. सत्रं मिळत नसतील तर यंदाचा कोर्स लहान निवडा आणि उरलेले पैसे कोर्सनंतर दोनदा ऑनलाइन केस-चर्चा घेणाऱ्या अनुभवी थेरपिस्टच्या मानधनासाठी मागा.

तुमच्याकडे सध्या सगळ्यात जास्त कोणते रुग्ण आहेत, आणि फाइली चाळल्यावर कोणती अडचण वर आली, ते कळवलंत तर समोर असलेल्या दोन कोर्सपैकी कोणता त्या अडचणीला लागू पडतो ते मी आणखी नेमकेपणाने सांगू शकेन. दोन्हींची माहितीपत्रकंही सोबत पाठवा.